व्हीआर फ्लाइट सिम : मान, हेडसेट आणि दहा बाय बाराची खोली – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घाटकोपरला आमच्या गच्चीवर उभं राहिलं की रनवे २७ वर उतरणारी विमानं चाकं खाली सोडून डोक्यावरून जाताना दिसतात. तेच उतरणं मी खाली खोलीत व्हीआरचा हेडसेट चढवून फ्लाइट सिममध्ये, म्हणजे विमान उडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, करत असतो. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला पलंग, मध्ये खुर्ची आणि पायाशी विमानाचं नाक डावं-उजवं करणारं रडर पेडल. ओळखीतल्या चार जणांना या नादाला लावलं, त्यांनी आणखी चौघांना लावलं, आणि आता रात्री साडेदहानंतर फोन आला की मला कळतं, कुणाचं तरी कॉकपिट कुठेतरी सरकलंय.

फोन करणाऱ्या प्रत्येकाला वाटत असतं की हेडसेट गेला. बिघडलेली असते खुर्चीची जागा, खोलीतला उजेड नाहीतर केबल. म्हणून खालची उत्तरं त्याच क्रमाने वाचा. ग्राफिक्सच्या सेटिंगला हात सगळ्यात शेवटी लावा.

मला मान पूर्ण वळवून मागे बघता येत नाही. सिमने मर्यादा घातली आहे का?

मर्यादा तीन असतात आणि लोक त्यांचा एकमेकांत घोळ घालतात. आपण नेमके कुठे अडतोय ते आधी ओळखा.

पहिली मर्यादा तुमच्या मानेची. मान एका बाजूला साधारण ७० ते ८० अंश वळते, वय वाढलं की त्याहून कमी. व्हीआरमध्ये डोकं जितकं वळेल तितकंच दृश्य वळतं. ट्रॅकआयआर, म्हणजे हेडसेटशिवाय डोक्याची हालचाल टिपणारं साधन, अशा साधनात मॉनिटरकडे बघत डोकं थोडंसं हलवलं तरी कॉकपिटमध्ये शेपटीपर्यंत नजर जाते, कारण तिथे हालचाल गुणून दाखवतात. तिथून आलेल्या माणसाला व्हीआरमध्ये एकदम मान आखडल्यासारखं वाटतं.

दुसरी मर्यादा सिमची. कडेला झुकून कॅनोपीतून, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेतून, डोकं बाहेर काढलं तर काही सिममध्ये ते सरळ बाहेर जातं आणि तुम्ही हवेत लटकता. काहींमध्ये दृश्य काळं किंवा करडं होतं. हे काळं होणं मुद्दाम केलेलं असतं. डोकं हलतंय आणि दृश्य मात्र जागेवर थांबलंय, असं झालं तर पोटात लगेच ढवळतं. त्यापेक्षा अंधार परवडतो.

तिसरी खोलीची, म्हणजे हेडसेटमध्ये आखलेल्या हद्दीची. मेटा कंपनीच्या क्वेस्ट हेडसेटमध्ये बसून खेळण्याची हद्द लहान असते. चाकांकडे बघायला बाहेर झुकलात की मध्येच जाळी दिसते, नाहीतर समोर अचानक तुमचं कपाट प्रकट होतं. कॉकपिटमध्ये कपाट दिसलं तर दोष सिमचा नाही. हद्द पुन्हा आखा आणि आखताना खुर्ची मधोमध ठेवा.

खऱ्या पायलटला मागची धावपट्टी दिसते. मग मला का दिसत नाही? माझी मानही तीच आहे.

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर कळलं की निम्मी चिडचिड थांबते.

सिममध्ये जुहूला रनवे २६ चा डावा सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीचा चौकोनी फेरा, घ्या. (प्रत्यक्षात तिथे कुणी असा निवांत सर्किट मारू देणार नाही, मोठा विमानतळ अगदी शेजारी आहे. पण सिममध्ये आपलंच राज्य.) तुम्ही डाउनविंडवर, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उलट दिशेच्या बाजूवर, पूर्वेकडे चाललाय, धावपट्टी डाव्या खांद्याच्या बाजूला. शिकवतात असं, की धावपट्टीचं टोक पंखाच्या मागे ४५ अंशांवर गेलं की बेसला, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या आडव्या बाजूला, वळा. पंख नाकापासून ९० अंशांवर, त्याच्या मागे आणखी ४५. म्हणजे तुम्हाला नाकापासून १३५ अंशांवर बघायचं आहे.

खऱ्या विमानात मान ७५ अंश वळते, पुढचं काम डोळे करतात. बुबुळं कोपऱ्यात नेली की आणखी ४० अंश सहज मिळतात आणि कडेची नजर त्याच्याही पुढे जाते. माणसाची दोन्ही डोळ्यांची मिळून आडवी नजर २०० अंशांच्या आसपास आहे. हेडसेटमध्ये ती ११० च्या आसपास येते, म्हणजे मधल्या रेषेपासून एका बाजूला ५५. मानेचे ७५ आणि हे ५५ मिळून झाले १३०. धावपट्टी पाच अंशांनी हुकली! शिवाय बऱ्याच लेन्समध्ये कडेचं चित्र पुसट येतं, त्यामुळे बुबुळं कोपऱ्यात नेऊन हाती फारसं लागत नाही. जे काम खऱ्या आयुष्यात डोळे करतात, ते हेडसेटमध्ये मानेच्या गळ्यात पडतं.

मान तुमची ठीक आहे. काच अरुंद आहे.

मग मागे बघायचं तरी कसं?

कमरेतून. आधी पाठ खुर्चीपासून चार बोटं सुटी करा, मग खांदे वळवा, मान सगळ्यात शेवटी. आपण उलटं करतो. मान आधी टोकाला नेतो आणि मग खांदे ओढत बसतो, म्हणून दुसऱ्या दिवशी मान धरते. डावीकडे बघताना डावा हात थ्रॉटलवरून (इंजिनाच्या ताकदीच्या दांड्यावरून) काढून खुर्चीच्या हाताला धरा आणि त्या आधाराने वळा. एफ-१८ सारख्या लढाऊ विमानांत कॅनोपीच्या चौकटीला धरायला हँडल असतात ती याचसाठी.

चाकाची खुर्ची असेल तर तिचं फिरणं बंद करा. खुर्ची फिरली की पेडल एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. माझी खुर्ची लॉक होत नाही, म्हणून मी चाकं काढून टाकली आणि खाली जुन्या पायपोसाचे तुकडे घातले. आईने त्या पायपोसाबद्दल अजून विचारलेलं नाही.

हे सगळं करूनही जमत नसेल, विशेषतः डॉगफाइटमध्ये (विमानांच्या हवेतल्या लढाईत), तर एक्सआरनेकसेफर नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर आहे. ओपनएक्सआरवर (हेडसेट आणि सिम जोडणारा दुभाषा, खाली त्याबद्दल आहे) चालणाऱ्या सिममध्ये ते मध्ये बसतं. तुम्ही ठरवलेल्या कोनापुढे मान गेली की ते दृश्य आणखी थोडं फिरवून देतं. झटक्यात फिरवायचं की हळूहळू, हे निवडता येतं. नवीन माणूस ‘हळूहळू’ निवडतो, ऐकायला ते सौम्य वाटतं. पण मळमळ बहुतेकांना त्यानेच जास्त होते. झटका मेंदू पटकन पचवतो. मी ५० अंशांनंतर ३० अंशांचा झटका ठेवलाय.

हे सॉफ्टवेअर वापरणं म्हणजे चीटिंग नाही का?

ट्रॅकआयआरवाला नाक दोन इंच हलवून शेपटी बघतो, त्याला कुणी काही बोलत नाही. तुम्ही खुशाल वापरा.

विमानात बसलो की डोकं छताला लागतं, नाहीतर मी सीटच्या खाली रुतलेला असतो. उंची कुठे बदलायची?

उंची कुठेच बदलायची नाही. रीसेंटर नीट करा, म्हणजे बसायची जागा सिमला नव्याने दाखवा. बहुतेक जण हेडसेट चढवतात, कीबोर्ड शोधायला पुढे वाकतात आणि वाकलेल्या अवस्थेतच बटण दाबतात. सिम समजतं की यांच्या बसायची हीच जागा. मग तुम्ही मागे टेकलात की डोकं सीटच्या पाठीत घुसतं.

पाठ टेकवा, हनुवटी सरळ ठेवा, नजर समोरच्या भिंतीवर क्षितिजाच्या पातळीत आणा, एक श्वास सोडा आणि मग दाबा. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये कंट्रोल आणि टॅबने व्हीआर चालू-बंद होतं आणि स्पेसबारने दृश्य जागेवर येतं. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिममध्ये नंबर पॅडचा ५. पण हेडसेटच्या आत कीबोर्ड दिसत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी हे काम जॉयस्टिकच्या एखाद्या बटणाला लावून टाका. मी अंगठ्याखालच्या बटणाला लावलंय, फ्लाइटमध्ये चार-पाचदा तरी दाबलं जातं.

एक लक्षात ठेवा. रीसेंटरने डावं-उजवं आणि जागा सुधारते. क्षितिजच तिरकं दिसत असेल तर ते रीसेंटरने सुधारत नाही, कारण खाली कुठे आणि वर कुठे हे हेडसेट गुरुत्वाकर्षणावरून ठरवतो. तेव्हा हेडसेट सपाट जागी ठेवून बंद करून पुन्हा चालू करा.

लढाऊ विमानात समोरच्या काचेवरचे हिरवे आकडे अर्धेच दिसत असतील तर तेही डोक्याच्या जागेचंच लक्षण आहे. ते चित्र डोळे ठरावीक चौकटीत असले तरच पूर्ण दिसतं, खऱ्या विमानातही तसंच. सीट थोडी वर-खाली करून बघा.

उडता उडता कॉकपिट हळूहळू एका बाजूला सरकतं. हेडसेट गेला का?

नाही हो. खोलीत बघा.

आताचे बहुतेक हेडसेट अंगावरच्या कॅमेऱ्यांनी खोली बघून स्वतःची जागा ठरवतात. कपाटाचा कोपरा, कॅलेंडर, खिडकीची चौकट, असे खुणेचे बिंदू ते धरून ठेवतात. ते बिंदू हलले, दिसेनासे झाले किंवा दुप्पट झाले की कॉकपिट सरकतं.

माझ्याकडे हे दोन महिने चाललं होतं. रोज रात्री, आणि फक्त उन्हाळ्यात. शेवटी एकदा हेडसेट कपाळावर सरकवून नुसता बसलो आणि समोरच्या भिंतीकडे पाहिलं. ट्यूबलाइट पंख्याच्या वर होती. पंखा पाचवर. पात्यांची सावली अख्ख्या भिंतीवरून गरगर फिरत होती. कॅमेऱ्यांना वाटत होतं की खोलीच फिरतेय, आणि त्यांचं तरी काय चुकलं? पंख्याच्या पातळीखाली, टेबलामागे एक बल्ब लावला, ट्यूबलाइट बंद केली, विषय संपला. थंडीत पंखा एकवर असायचा म्हणून तेव्हा त्रास नव्हता, हे नंतर डोक्यात आलं.

तुमच्या खोलीत बघायच्या आणखी गोष्टी. कपाटाचा आरसा समोर येतो का? चादर टाका. भिंत कोरी पांढरी आहे का? दोन चित्रं नाहीतर जुनं कॅलेंडर लावा. फार अंधार नको, आणि खिडकीतून तोंडावर ऊनही नको. क्वेस्टच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी नावाचा पर्याय असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून तो ५० वर ठेवून बघा. अमेरिकी व्हिडिओ बघून ६० वर ठेवलेला असेल तर ट्यूबलाइटचा लुकलुकाट कॅमेऱ्यांना त्रास देतो. आणि कॅमेऱ्यांच्या काचा पुसा. हेडसेट काढताना आपला अंगठा नेमका त्यांच्यावरच पडतो.

उन्हावरून आठवलं. हेडसेट खिडकीत लेन्स बाहेर करून कधीही ठेवू नका. त्या लेन्स भिंगाचं काम करतात आणि ऊन आतल्या पडद्यावर गोळा करतात. थोड्याच वेळात पडद्यावर कायमचा डाग पडतो, आणि त्याला दुरुस्ती नाही.

डोकं पटकन वळवलं की कडेला काळी पट्टी येते आणि मग चित्र भरतं.

चित्र उशिरा पोचतंय. डोकं पुढे गेलं आणि नवं चित्र तयार नाही, म्हणून हेडसेट जुनंच चित्र सरकवून दाखवतो. त्या चित्राच्या पलीकडे काही नसतं, तीच ती काळी पट्टी. ७२ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रं असताना, एका चित्रासाठी कॉम्प्युटरकडे सुमारे १३.९ मिलिसेकंद असतात, ९० हर्ट्झला ११.१. म्हणजे ९० वर पट्टी येत असेल तर आधी ७२ वर या. मग ढग आणि सावल्या एकेक पायरी खाली आणा, लांबवरच्या इमारतींचा तपशील कमी करा. मुंबईवरून उडताना ग्राफिक्स कार्डाला जो घाम फुटतो तो अरबी समुद्रावरून उडताना फुटत नाही, म्हणून सेटिंगची परीक्षा नेहमी शहरावर घ्या. समुद्रावर सगळंच छान चालतं.

प्रोपेलरभोवती पाणी हलल्यासारखं दिसतं आणि आकड्यांना शेपट्या फुटतात.

कॉम्प्युटर निम्मीच चित्रं देतोय आणि मधली चित्रं सॉफ्टवेअर अंदाजाने भरतंय. ७२ ला खरी ३६, ९० ला खरी ४५. मेटामध्ये याला स्पेसवॉर्प म्हणतात, इतरत्र मोशन रीप्रोजेक्शन. फिरतं पातं आणि पळते आकडे यांचा अंदाज त्याला नीट बांधता येत नाही. बंद केलं तर शेपट्या जातील, पण चित्रं पुरत नसतील तर हिसके बसतील. प्रवासी विमानात मी चालू ठेवतो, लढाऊत बंद.

केबल कुठली घ्यावी? स्वस्तातली चालेल का?

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात मी विचारलं, “यूएसबी थ्री आहे ना?” दुकानदार म्हणाला, “साहेब, थ्री पॉइंट टू आहे.” पाच मीटरची जाडजूड काळी केबल, दोन्ही टोकांना सी. ग्रँट रोड स्टेशनवर स्लो ट्रेनची वाट बघताना मी ती पिशवीतून काढून हातात घेऊन बघत होतो, इतका आनंद. घरी आल्यावर हेडसेट चार्ज झाला, आणि तेवढंच झालं. मेटाच्या लिंकच्या (केबलने क्वेस्ट कॉम्प्युटरला जोडण्याच्या सोयीच्या) चाचणीत वेग यूएसबी २ चा. आत डेटाच्या जास्तीच्या तारा नव्हत्याच, ती नुसती चार्जिंगची केबल होती. परत गेलो तेव्हा उत्तर मिळालं की पाकीट फोडलेला माल परत घेत नाही.

तेव्हा दुकानातच लॅपटॉप आणि एखादी यूएसबी ३ ची बाहेरची हार्ड डिस्क घेऊन जा आणि त्या केबलवरून मोठी फाइल कॉपी करून बघा. सेकंदाला ४० एमबीच्या आसपास अडकली तर केबल जुन्या पिढीची. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे.

केबल चांगली असूनही मध्येच हेडसेटचं कनेक्शन तुटत असेल तर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडून मदरबोर्डचं मागचं वापरा. आणि केबल डाव्या खांद्यावरून मागे सोडा, वरून एखाद्या हुकाला अडकवा. मांडीवरून नेलीत तर उजवीकडे वळताना तीच तुमची मान धरून ठेवते, आणि तुम्ही दोष सिमला देता.

वायरलेस चालेल ना?

चालेल, पण कॉम्प्युटर ते राउटर तार हवी आणि राउटर त्याच खोलीत हवा. आमच्या बिल्डिंगमध्ये वायफायची यादी उघडली की अख्ख्या सोसायटीची हजेरी लागते. २.४ गिगाहर्ट्झचा विचारही करू नका. ५ वर या आणि कमी गर्दीचा चॅनल शोधा. चित्र दर काही मिनिटांनी थिजत असेल तर आधी घरात कोण मालिका बघतंय ते विचारा.

सिम सुरू होतं, पण व्हीआर चालू केलं की काहीच होत नाही. किंवा चित्र मॉनिटरवरच येतं.

ओपनएक्सआर. हेडसेट आणि सिम यांच्यामधला हा दुभाषा. कॉम्प्युटरवर असे दुभाषे दोन-तीन बसलेले असतात, मेटाचा एक, स्टीम या गेमच्या दुकानाच्या स्टीमव्हीआरचा एक, पण एका वेळी बोलतो एकच. क्वेस्ट मेटाच्या लिंकने लावलाय आणि चालू दुभाषा मात्र स्टीमव्हीआर, असं असलं तर वाट लांबते, नाहीतर बंदच होते. मेटाच्या अॅपमध्ये सेटिंग, मग जनरल, तिथे ओपनएक्सआर रनटाइम मेटाकडे देण्याचं बटण असतं. स्टीमव्हीआरमध्येही तसंच आहे. नवं काही इन्स्टॉल केलं की हे आपोआप बदललं जाण्याची शक्यता असते, म्हणून ‘काल तर चालत होतं’ म्हणणाऱ्यांनी आधी इथेच बघावं.

लॅपटॉपवाल्यांसाठी वेगळी गंमत. लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची दोन कार्डं असतात आणि विंडोज कधीकधी सिम छोट्यावर चालवतं. ग्राफिक्स सेटिंगमध्ये जाऊन सिम आणि हेडसेटचं सॉफ्टवेअर दोन्ही ‘हाय परफॉर्मन्स’वर टाका.

सेकंड हँड रिव्हर्ब जी२ स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

एचपीचा २०२० सालचा हेडसेट, चित्र अजूनही सुरेख, कॉकपिटमधली घड्याळं (वेग, उंची दाखवणाऱ्या तबकड्या) वाचायला तर फारच छान. पण तो विंडोज मिक्स्ड रिअॅलिटी या विंडोजमधल्या व्हीआर सोयीवर चालतो आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने तीच काढून टाकली. विकणारा विकतोय ते म्हणूनच. २०२५ मध्ये स्टीमवर ओअॅसिस नावाचा मोफत ड्रायव्हर आला, त्याने हे हेडसेट पुन्हा चालू झाले, पण त्याला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. तुमच्याकडे एएमडी असेल तर हात लावू नका. एनव्हिडिया असेल तर घ्या, पण विकणाऱ्याच्या घरी जाऊन, हेडसेट चालू करून आणि केबल वाकवून-वाकवून बघून. या हेडसेटची केबल जाते, आणि नवी मिळवताना नाकी नऊ येतात.

घड्याळं अंधुक दिसतात. चष्मा लावून हेडसेट घालू का?

लांबचा नंबर असेल तर चष्मा लागेल. हेडसेटमधलं चित्र नाकासमोर असलं तरी डोळ्यांना ते दीड-दोन मीटरवर असल्यासारखं फोकस करावं लागतं. फक्त वाचायचा चष्मा असलेल्यांना सहसा त्याशिवाय दिसतं. चष्म्याची काच लेन्सवर घासून ओरखडे पडतात, म्हणून मध्ये अंतर ठेवणारी कड लावा किंवा नंबराच्या वेगळ्या लेन्स बनवून घ्या.

मग दोन बाहुल्यांमधलं अंतर. चष्म्याच्या दुकानात ते मोजून मिळतं. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून ५८ ते ७१ मिलिमीटर सलग लावता येतं. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा आहेत. तुमचं ६५.५ असेल तर क्वेस्ट २ वर नशिबाला दोष द्या.

आणि हेडसेट किती वर-खाली बसलाय ते बघा. बऱ्याच जणांचा हेडसेट नाकावर उतरलेला असतो आणि ते लेन्सच्या वरच्या कडेतून बघत असतात. मागचा पट्टा कवटीच्या फुगवट्याच्या खाली हवा. वाचायचं तेवढ्यापुरतं पुढे झुका, नाहीतर झूमचं बटण जॉयस्टिकला लावून घ्या.

पावसाळ्यात लेन्सवर वाफ धरते.

एसीच्या खोलीत थंड झालेला हेडसेट गरम, घामट चेहऱ्यावर चढवलात की वाफ धरणारच. उडायच्या दहा मिनिटं आधी चालू करून ठेवा, तो स्वतःच्या उष्णतेने कोमट होतो. लेन्स कोरड्या मायक्रोफायबरनेच पुसा. स्पिरिट, कॉलिन, सदऱ्याचं टोक, काहीही नको.

जून ते सप्टेंबर मी हेडसेट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. कॅमेऱ्याच्या लेन्सला मुंबईत बुरशी लागते हे फोटोग्राफरला विचारा, इथेही काचच आहे. तोंडाला लागणारा फोम घामाने कुजतो, त्यावर सिलिकॉनचं कव्हर घाला.

दहा मिनिटांत मळमळतं. माझ्या नशिबात व्हीआर नाही का?

आहे, पण घाई नको. डोळे सांगतात की आपण वळतोय, कान सांगतो की आपण घाटकोपरला बसलोय, त्या भांडणाची ही मळमळ. पहिला आठवडा पंधरा मिनिटं, सरळ उड्डाण, मोठं विमान, हलकी वळणं. नजर क्षितिजावर. लूप आणि रोल नंतर. टेबल फॅन तोंडावर सोडा, त्याने खरंच बरं वाटतं, आणि वारा कुठून येतोय यावरून आपण खोलीत कुठे आहोत याचं भानही राहतं. आलेपाकाची वडी तोंडात ठेवा. मळमळ सुरू झाली की लगेच थांबा. ‘आता लँडिंग करूनच उठतो’ म्हणणाऱ्यांनी बादली जवळ ठेवावी. दमून आलेल्या दिवशी, विशेषतः संध्याकाळच्या फास्ट लोकलमधून उतरल्या उतरल्या, हेडसेट घालू नका.

चित्रं कमी पडत असतील तर कणखर पोटवाल्यालाही होतं. वरची काळ्या पट्टीची नोंद वाचा.

उड्डाणानंतर मान दुखते.

क्वेस्ट ३ चं वजन ५१५ ग्रॅम, आणि ते जवळपास सगळं तोंडावर. मागच्या पट्ट्याला छोटी पॉवर बँक बांधली तर एकूण वजन वाढतं, पण मान हलकी वाटते, कारण तोल मध्ये येतो. पट्टा आवळून घट्ट करणं हा उपाय नाही, त्याने कपाळही दुखतं. अर्ध्या तासाने हेडसेट काढा. मणक्याचा जुना त्रास असेल, हाताला मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डॉगफाइट नको.

मी पायलटचं शिक्षण घेतोय. हे तास लॉगबुकात धरतात का?

नाही. घरच्या सिमचा एकही मिनिट धरत नाहीत. मान्यताप्राप्त उपकरणावरचेच तास चालतात. युरोपात ‘ईएएसए’ या विमान-सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये पहिल्यांदा व्हीआरवर आधारलेल्या प्रशिक्षण उपकरणाला मान्यता दिली, रॉबिन्सन आर-२२ हेलिकॉप्टरच्या, पण ते हलणाऱ्या प्लॅटफॉर्मवरचं यंत्र आहे, तुमच्या-माझ्या खुर्चीसारखं नाही. चेकलिस्ट पाठ करायला, बेसला कुठे वळायचं याची नजर बसवायला घरचं सिम उत्तम. फक्त खऱ्या विमानात गेल्यावर मान कमी आणि डोळे जास्त वापरा, नाहीतर इन्स्ट्रक्टर विचारेल की एवढा पिळतोस कशाला.

हेडसेट घातल्यावर घरच्यांची हाक ऐकू येत नाही. काय करू?

एक कान उघडा ठेवा. आमच्याकडे ठरलंय, आईने खांद्यावर हात ठेवायचा नाही (एकदा दचकून मी थ्रॉटलसकट टीपॉय पाडलाय), पंखा बंद करायचा. वारा थांबला की मला कळतं, पानं वाढलीत. मग फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या टप्प्यात, असलो तरी पॉज.